लाईनीवरची हाक

हरणीनं एकाएकी पान्हा चोरला. गणपतरावांच्या हातातली धार तुटली आणि गुडघ्यांत चरवी धरून ते तसेच बसून राहिले. म्हैस मान वळवून गोठ्याच्या दाराकडं बघत होती. कान पुढं ताणलेले, आणि अंगावरून एक बारीक थरथर मानेपासून शेपटीपर्यंत जात होती.

"काय गं, काय झालं?" त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

मग त्यांनाही ऐकू आलं. ओढ्यापलीकडच्या नव्या लाईनीवरून मालगाडी येत होती आणि तिचा भोंगा वाजत होता. आधी खालचा भरड सूर, ताणत ताणत नेलेला. मग तो एकदम वर चढला आणि शेवटी जरासा चिरकला. गणपतरावांच्या हातातली चरवी कलली, दूध शेणात सांडलं. ती त्यांचीच हाक होती.

"येऽऽ गं."

हातकणंगल्याच्या आसपास गणपतरावांना लोक ओळखत होते ते या हाकेमुळं. तसं बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं. थोडी जमीन, हरणी आणि तिची लेक मैना अशा दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ सोसायटीत दूध घालायचं. पण दिवाळीच्या पाडव्याला, शिंगं रंगवलेल्या म्हशी कोल्हापूरच्या रस्त्यांवर मिरवायला निघाल्या की गणपतराव गर्दीच्या एका टोकाला उभे राहत आणि एकदाच हाक मारत. हलग्यांच्या कडकडाटातून ती हाक हरणीला बरोबर सापडायची. माणसांना बाजूला सारत ती धावत यायची आणि त्यांच्या छातीला कपाळ टेकवून उभी राहायची. बघणारे टोप्या उडवायचे. गणपतराव मात्र लाजून तिच्या मानेवरचा गोंडा सारखा करत बसायचे.

बायकोलाही ते असंच हाक मारत. लग्न झालं तेव्हा घरात थोरली माणसं होती, बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून त्यांनी "ये गं" सुरू केलं आणि ते तसंच राहिलं. "मला बोलावताय का म्हशीला, कळंना झालंय," असं धोंडुबाई सुरुवातीला म्हणायची. पुढं पुढं तिला न चुकता कळायला लागलं.

मालगाडीची लाईन गेल्या वर्षी सुरू झाली. सिमेंट आणि खतं उतरवायला पलीकडं मोठा मालधक्का बांधला होता. गाव आणि शिवार यांच्यामधून मातीचा उंच भराव गेला आणि गावाच्या बाजूनं त्याला काँक्रीटची भिंत आली. जुनं फाटक बंद करून खाली बोगदा दिला, त्यात पावसाळाभर कमरेएवढं पाणी. लाईन झाल्यापासून गावात वारा वेगळाच वाहायचा. बोललेलं कधी कधी कुठूनतरी भलतीकडूनच ऐकू यायचं.

दूध सांडल्याचं गणपतरावांनी घरात सांगितलं, पण भोंग्याचं सांगितलं नाही. आपल्यालाच भास झाला असेल, असं त्यांना वाटलं.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी ते सोप्यात आडवे झाले होते. परसात धोंडुबाई भांडी घासत होती. ती राखेच्या हातानंच पुढं आली आणि त्यांच्या बाजेपाशी उभी राहिली.

"आलो की. काय पायजे?"

"कुणाला?"

"तुमालाच. हाक मारलासा न्हवं?"

"मी झोपलो हुतो."

धोंडुबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. लाईनीवरून मालगाडीचे डबे एकामागोमाग खडखडत चालले होते. मग तिनं पदरानं हात पुसले. पदराला राख लागली तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

"तुमचाच आवाज हुता," ती हळू म्हणाली. "चाळीस वरसं ऐकतोय मी. दुसऱ्याचा कसा आसंल?"

लाईनीच्या प्रकल्पाच्या वतीनं गावात बैठक लागली तेव्हा धोंडुबाईनंच त्यांना बळं पाठवलं. मारुतीच्या देवळात सगळा गाव जमला होता. इंजिनिअर म्हणून आदिती नावाची तरुण बाई आली होती. गावाच्या वतीनं नेमिनाथ मगदूम उठले. लाईनीपलीकडं त्यांचा ऊस होता आणि त्यांच्या शब्दाला गावात मान होता.

"मॅडम, आमचं भांडण गाडीशी न्हाय," नेमिनाथअण्णा म्हणाले. "पण बोगद्यात पाणी भरलं की ॲम्ब्युलन्स गावात येत न्हाय. वैरण आणायला लांबनं फिरून जायचं. सिमेंटची धूळ भाजीवर बसती, भिंतींना चिरा पडल्यात. लाईन आमच्यासाठी न्हाय, तर मग तरास तेवढा आमच्या वाटणीला का?"

आदितीनं सगळं ऐकून घेतलं. बोगद्याला पंप बसवू, पावसाळा संपला की लाईनीला कुंपण घालू, असं ती म्हणाली. बाकीचं वर कळवते म्हणाली. मग विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

गणपतराव उभे राहिले. टोपी काढून परत घातली.

"मॅडम, भोंगा तेवढा बदला."

"आवाजाचा त्रास होतो का?"

"आवाज माझा हाय."

देवळात हसू पसरलं. कुणीतरी मागून "हाक मारून दावा की," म्हणालं. आदिती हसली नाही. ती म्हणाली, "काका, वळणाआधी बोर्ड आहे. तिथं भोंगा वाजवावाच लागतो. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे तो."

गणपतराव खाली बसले. त्यांच्या शेजारी बसलेले लोक मात्र हसत नव्हते. त्यातल्या दोघा-तिघांनी नजरा चुकवल्या.

पावसाळा संपला, कुंपण काही आलं नाही. एके दिवशी ऊन कलल्यावर गणपतराव हरणीला ओढ्याकाठी चारत होते. गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. हरणी फुरफुरत चरत होती आणि तिच्या पाठीवर बगळा बसला होता. बगळा उडाला. हरणीनं मान वर केली. मग भोंगा आला.

"येऽऽ गं."

हरणी धावत सुटली. मान उंच, शेपटी ताठ, पाडव्याला धावायची तशी. जुन्या फाटकाच्या जागी भिंत नव्हती, नुसत्या दोन आडव्या पट्ट्या होत्या, तिकडं. गणपतरावांच्यानं पळवेना. त्यांनी पोटातला सगळा वारा एकवटला आणि हाक मारली.

"येऽऽ गं."

हरणी थांबली. वळली. लाईन तिच्या पाठीशी होती आणि ती गणपतरावांकडं तोंड करून उभी होती. एक पाऊल त्यांच्याकडं टाकलंसुद्धा. गणपतरावांनी दोन्ही हात पसरले.

तेवढ्यात हाक परत आली. लाईनीकडून. तेवढीच लांब, शेवटी तशीच चिरकलेली.

हरणी गणपतरावांच्या मिटलेल्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं पाठ फिरवली.

मालगाडी बरीच पुढं जाऊन थांबली. इंजिनातून ड्रायव्हर उतरून भरावाच्या कडेनं मागं चालत आला. पस्तिशीचा असेल. हातातली पाण्याची बाटली त्यानं गणपतरावांपुढं धरली, त्यांनी घेतली नाही तेव्हा स्वतःही प्यायला नाही.

"मामा, माझा इलाज चालला नाही," तो म्हणाला. "ती थांबली, मागं वळली. मला वाटलं, घरी चालली. म्हणून मी परत वाजवला नाही. मग पुन्हा का आली ती?"

"दुसऱ्यांदा वाजवला न्हाय तुमी?"

"आईशप्पथ नाही. बोर्डापाशी वाजवला तेवढाच."

"मग दुसरी हाक कुणाची, पावणं?"

ड्रायव्हर एक पाऊल मागं सरला. त्यानं भरावाकडं, भिंतीकडं, मोकळ्या शिवाराकडं पाहिलं. "ऐकली मीही," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं तुम्हीच." मग तो झपाझपा इंजिनाकडं चालू लागला. जाताना एकदाही वळून बघितलं नाही त्यानं.

दिवस मावळायच्या आत हरणीला ओढ्याकाठीच पुरलं. नेमिनाथअण्णा शेवटपर्यंत थांबले, गणपतरावांबरोबर घरी आले. समजूत घालावी म्हणून म्हणाले, "गणपा, तू हाक मारलीस न्हवं? ती भिंतीवर आपटून माघारी आली आसंल. आमच्या मळ्यात बी आवाज परततोय हल्ली."

"म्हंजे मीच बोलावली तिला."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चुलीपुढं बसलेल्या धोंडुबाईनं वळून न बघता विचारलं, "अण्णा, भिंत तिथंच हाय की. तिथनं परतायला एवढा येळ लागतोय व्हय?"

त्या दिवसापासून गणपतरावांनी हाक मारली नाही. बोलायचेसुद्धा खालच्या आवाजात. काही हवं असलं तर उठून धोंडुबाईपर्यंत चालत जायचे आणि तिच्या खांद्याला हात लावायचे. गावात ते गप्प झाले, पण हाक थांबली नाही. ती रोज यायची, त्यांच्या आवाजात, ओढ्यापलीकडून. कट्ट्यावर बसलेली माणसं आधी लाईनीकडं बघायची आणि मग गणपतरावांच्या तोंडाकडं. ते मिटलेलं असायचं. देवळात हसलेल्यांपैकी एकजण संध्याकाळी घरी आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "बैठक परत लागली तर तुमी म्हणाला ते मी सांगतो." पण बैठक लागली नाही.

मग मैनाही कान टवकारायला लागली. एका सकाळी ती खुंट्याला एवढे हिसडे देत होती की दाव्यानं मानेवरचं कातडं सोललं. गणपतराव तिच्या गळ्याला मिठी मारून उभे राहिले, भोंगा विरेपर्यंत. धोंडुबाई दारातून बघत होती.

"हिला तानीकडं धाडूया," ती म्हणाली. "शाहूवाडीकडं लाईन न्हाय."

तानाबाई तिची धाकटी बहीण. डोंगराच्या कुशीत तिचं घर, खाली भाताची खाचरं. मैनेला टेम्पोतनं उतरवलं तेव्हा सगळीकडं इतकं शांत होतं की गणपतरावांना स्वतःच्या वहाणांचा आवाज मोठा वाटला. संध्याकाळी मैना खाचरातून वर येईना, तेव्हा तानाबाई म्हणाली, "दाजी, तुमची ती हाक शिकवून जावा की. तिला सवय हाय हाकंची."

"हाक नगं."

"मग यायची कशी ती?"

गणपतरावांनी इकडंतिकडं बघितलं. न्हाणीपाशी पत्र्याची बादली पडली होती. ती त्यांनी उचलली, तळाशी मूठभर सरकी टाकली आणि एक काटकी तानाबाईच्या हातात दिली. "हे वाजव. रोज ह्येच वाजव. तोंडानं बोलवायचं न्हाय, कवाच न्हाय."

तानाबाईला ते विचित्र वाटलं, पण दाजींचा चेहरा बघून तिनं पुढं विचारलं नाही. गणपतराव काही दिवस राहिले. मैना पहिल्यांदा बादलीला बुजली. मग लांबूनच मान वर करून बघायला लागली. मग सरकीच्या आशेनं थोडी थोडी जवळ येऊ लागली. आली की तानाबाई तिच्या कपाळावर हात फिरवायची, आणि गणपतराव लांब बसलेले असायचे.

निघायच्या सकाळी धुकं होतं. गणपतराव पायवाटेच्या कडेला फणसाखाली थांबले. वरून बादली वाजली. खालच्या बांधावरून मैना धुक्यातून बाहेर आली आणि चढ चढू लागली. वाट त्यांच्या अगदी जवळून जात होती. तिला वास लागला. ती थांबली, ओलं नाक त्यांच्या हाताला लावलं आणि वाट बघत उभी राहिली.

गणपतरावांनी दुसरा हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

वर बादली वाजतच होती. मैनेनं एक कान तिकडं वळवला, मग दुसरा. मग ती हळूहळू चढ चढून गेली. तिचे खूर वाजेनासे झाले तरी गणपतराव तोंडावरचा हात न काढता तिथंच उभे होते.