पाडायला उभी

लॉन्ड्रीवाल्या ताईच्या धाकट्या भावाला सगळे फौजीच म्हणत. सीमेवरच्या लढाईतून तो परतला तेव्हा त्याच्या डाव्या पायाला बोटं उरली नव्हती आणि हातात काठी आली होती. नगरपालिकेच्या सभागृहात त्याचा सत्कार ठरला. सत्कार करणार होते वॉर्डाचे नगरसेवक. त्यांना लोक झेंडेवाले म्हणत, कारण विजेचा एकही खांब त्यांनी झेंड्यावाचून सोडला नव्हता. खांबावरचा दिवा लागतो की नाही, ती गोष्ट निराळी.

छातीला पदक लावून झाल्यावर झेंडेवाले म्हणाले, "आता आमचा वाघ दोन शब्द बोलेल."

वाघ दोनच शब्द बोलला असता तर निभावलं असतं.

"माझी बोटं गोळीनं नाही गेली," फौजी म्हणाला. "बर्फात बुटांचे तळवे निघाले. शत्रू दिसायच्या आधीच आमची निम्मी तुकडी लंगडी झाली. ते बूट कुणी बनवले आणि कुणी पास केले, एवढं कुणीतरी विचारा."

बूट बनवणारा कारखाना गावाबाहेरच होता आणि तो झेंडेवाल्यांच्या साडूचा होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. झेंडेवाल्यांनी माइक हिसकावला. "आपलंच पदक लावून हा शत्रूची भाषा बोलतोय! गद्दार आहे हा!"

तेवढं पुरलं. मघाशी टाळ्या वाजवणारेच उठले. वह्या-पेनांच्या दुकानाच्या मालकानं खुर्ची फेकली, कुणीतरी काठी ओढली, आणि फौजी पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. ताईनं त्याला उचललं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताई, मी चुकीचं काय विचारलं गं?"

पुढे व्हायचं ते झालं. लॉन्ड्रीच्या शटरवर लाल रंगात 'गद्दार' उमटलं. गिऱ्हाइकं अर्धवट धुतलेले, ओले कपडे पिशवीत कोंबून घेऊन गेली. सैन्याची बदनामी केली म्हणून फौजीवर गुन्हा दाखल झाला. तो मागच्या खोलीत बॉयलरशेजारी बसून शर्टांची तुटलेली बटणं लावायला लागला. रस्त्यावर पाऊल टाकेना.

ताईनं शटर घासलं. रंग गेला, राग गेला नाही. नागिणीसारखा डूख धरला तिनं. वॉर्डाची निवडणूक लागली तेव्हा ती सरळ जाऊन अर्ज भरून आली. निशाणी मिळाली इस्त्री.

"तू निवडून येणार?" फौजीनं विचारलं.

"मला यायचंच नाही. त्याला पाडायचंय. तोंडावर पडलेला बघायचाय मला."

लोक आधी हसले. पण ताई दारोदार फिरली. ज्यांनी तोंड फिरवलं त्यांना म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. पण तुमच्या कॉलरचा मळ आम्ही किती वर्षं काढला ते आठवा, आणि मग मत कुणाला द्यायचं ते ठरवा." ज्यांची मुलं लढाईत होती त्या आया आधी दाराआडून ऐकत, मग पुढे येत. एकीनं आतून मुलाचा बूट आणून दाखवला. तळवा जिभेसारखा लोंबत होता. हळूहळू बुटांचा प्रश्न ताईच्या एकटीचा राहिला नाही. लॉन्ड्रीत पुन्हा कपडे पडायला लागले.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी झेंडेवाल्यांचा जुना ड्रायव्हर आला. साहेबांनी त्याला नुकतंच हाकललं होतं. "त्यांचा पोरगा लढाई लागताच आजाराचा दाखला घेऊन परदेशात पळाला," तो म्हणाला. "विमानतळावर मीच सोडलं."

ताईचे डोळे चमकले. फौजीनं हातातला शर्ट खाली ठेवला.

"खरं असेल तर सांग लोकांना. पण एक ऐक ताई. तो शब्द वापरू नकोस. मला पायऱ्यांवरून ढकललं ते आधी त्या शब्दानं, मग माणसांनी."

"नाही वापरत," ताई म्हणाली.

सभा भरली ती नेमकी झेंडेवाल्यांच्या घरासमोरच्या चौकात. ते गॅलरीत उभे राहून हसत होते. ताईनं बूट सांगितले, दाखला सांगितला, विमानतळ सांगितला. गर्दी तापली. ते हसणं काही थांबेना, आणि ताईचं डोकं फिरलं. वर बोट करून ती ओरडली, "हा खरा गद्दार!"

गर्दी उसळली. दगड सुटले, काचा फुटल्या, आतून बाईमाणसाची किंकाळी आली. ताई माइक धरून उभी होती. तिला फार गोड वाटलं. शटर घासताना ह्याच क्षणाची तिनं वाट पाहिली होती.

तेवढ्यात काठी टेकत फौजी गर्दीतून पुढे आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाहेर पडला होता. झेंडेवाल्यांच्या दारात पाठ लावून उभा राहिला आणि समोरच्या एकाकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी खुर्ची, आज दगड. तुम्हाला काही ना काही फेकायलाच लागतं का हो, शेठ?"

वह्या-पेनांच्या दुकानाचा मालक होता तो. आता 'ताई झिंदाबाद' म्हणत होता. त्याच्या हातातला दगड बघून ताईच्या तोंडाची चव गेली. तिनं माइकवरून सगळ्यांना मागे बोलावलं.

झेंडेवाले पडले. डिपॉझिटही वाचलं नाही. आणि ज्या बाईला निवडून यायचंच नव्हतं ती निवडून आली. घरी मात्र फौजी तिच्याशी बोलत नव्हता. ताट वाढलं की जेवायचा, आणि पाठ फिरवायचा.

नगरपालिकेच्या पहिल्या सभेला झेंडेवाले लोकांच्या बाकांवर येऊन बसले होते. चेहरा उतरलेला, कपडे मात्र कडक. मध्येच उठून म्हणाले, "माझ्या घरावर दगड पडले. माझी बायको जखमी झाली. पोलीस तक्रार घेत नाहीत. ह्याचा जाब कोण देणार?"

"गद्दार! बाहेर काढा!" मागून आरडाओरडा झाला. दोघांनी त्यांचे दंड धरलेसुद्धा. ताईला वाटलं, नेऊ द्यावं. पायऱ्यांपर्यंत न्यावं, आणि तिथून पुढे जे होईल ते होऊ द्यावं.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. दात ओठांत रुतले होते. "बोलू द्या. दगड माझ्या सभेतून गेले. तक्रारीत माझं नाव घाला, मी स्वतः पोलीस चौकीत येते."

झेंडेवाले चक्रावले. बसायला लागले.

"बसू नका. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. आता मी विचारते. कारखान्याला जागा ह्याच नगरपालिकेनं दिली, सही तुमची. तिथले बूट तपासले कुणी?"

ते घाम पुसत दाराकडे बघायला लागले. दंड सोडून लोक बाजूला झाले होते, दार मोकळं होतं.

"जायचं तर जा," ताई म्हणाली. "तुम्हाला कुणी ढकलणार नाही. पण पुढच्या सभेला मी हेच विचारणार, त्याच्या पुढच्यालाही. तुमचा साडू, बूट पास करणारे साहेब, ज्याची ज्याची सही असेल तो इथं उभा राहणार. तुम्हाला हाकलून मी सुटका देणार नाही."

झेंडेवाले गेले नाहीत. सगळी सभा बघत असताना ते तसेच उभे राहिले, आणि ताईनं डोळे भरून बघून घेतलं.

संध्याकाळी लॉन्ड्रीत आल्यावर तिनं फौजीला सगळं सांगितलं. त्यानं बटणाचा दोरा तोडला.

"त्यांच्या बायकोला भेटून आलीस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"जाऊन ये."

"जीभ उचलायची नाही माझी."

"मग नुसतं ऐकून घे," फौजी म्हणाला.

ताई कुरकुरत उठली. पायात चपला सरकवताना पुटपुटली, "माफी मागणार आहे ती फक्त तिची. त्याची नाही."