वाढणाऱ्यांचं टेबल

विद्यापीठाच्या भोजनगृहाचं नूतनीकरण निघालं, तेव्हा नव्या नकाशात सगळ्यांची सोय झाली होती. विद्यार्थ्यांना वाढीव दालन, प्राध्यापकांना निवांत जागा, पाहुण्यांना खिडकीजवळचा बंद कोपरा. सोय नव्हती ती फक्त स्वयंपाकघरातल्या माणसांची. ती वर्षानुवर्षं भांडी घासायच्या मोरीशेजारी उभ्याउभ्या जेवत आली होती, आणि यापुढेही तशीच जेवणार होती.

कामावरची इंजिनीअर इथल्याच आचाऱ्याची मुलगी. वडील याच वर्षी गेले. निवृत्तीनंतरही ते घरी ओट्याशी उभे राहूनच जेवायचे. "अहो, बसा की!" आई म्हणायची. "बसून घास उतरत नाही गं," ते सांगायचे. घरात त्याचा विनोदच झाला होता. आता तिला त्याचं हसू येत नव्हतं.

पाहुण्यांच्या कोपऱ्याची भिंत दुसऱ्या दिवशी उभी राहणार होती. कुलसचिव पाहणीला आले, तेव्हा तिने विषय काढला.

"सर, हा कोपरा स्वयंपाकघरातल्या लोकांना द्या. एकदा भिंत उभी राहिली की राहिलंच."

"आणि पाहुण्यांनी कुठे जेवायचं?"

"दालनात, सगळ्यांबरोबर."

"अहो, पण या लोकांनी कधी अवाक्षर तरी काढलंय का?"

पाहणी लांबत लांबत स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत आली. विद्यार्थी बाहेरच्या मांडवात जेवून गेले, तिथली बाकंही धुऊन उलटी टाकली गेली. मुख्य स्वयंपाकीण, सगळ्यांच्या मावशी, वाढलेलं ताट घेऊन आल्या. "उपाशीपोटी कसल्या भिंती बघताय? आधी जेवा."

एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. कुलसचिव इकडे वळले, तिकडे वळले. घास घ्यायला हातच मोकळा नाही! त्यात मोरीतले शिंतोडे थेट पँटवर.

"मावशी, अहो, बसू कुठे?"

भांडी घासणारी बाई फिसकन हसली. मावशींनी डोळे वटारले, पण त्यांनाही हसू आवरेना.

"साहेब, आमचा जन्म गेला इथे, पण हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. दुखणं अंगवळणी पडलं म्हणजे बरं झालं असं नसतं! या ताईंचे वडील, तुम्ही उभे आहात ना, तिथंच उभे असायचे."

कुलसचिवांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं, मग इंजिनीअरकडे. ती खाली बघून नकाशाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती.

"ती भिंत रद्द करा!" ते म्हणाले. "तो कोपरा यांचाच! आणि हा पेला धरा हो कुणीतरी!"

भोजनगृह सुरू झालं, त्या दिवशी खिडकीपाशी लांब टेबल मांडलेलं होतं. दालनात कुणाचं तरी ताट खणकन पडलं, तशी भांडी घासणारी बाई सवयीने अर्धवट उठली.

"बस गं! तोंडातला घास तरी गिळ," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "ताई, या."

इंजिनीअर बसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच तिला जेवण गोड लागलं.

वाचकहो, तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं मानू नका. तुमच्याही घरात, कचेरीत कुणीतरी उभ्याउभ्या जेवत असेल. त्याला सवय म्हणून सोडून देऊ नका. आजच एक खुर्ची ओढून द्या!