रेमिहियाची घंटा आणि एवारिस्तोचा पाय

रविवारी दुपारी ला रेतामा गावात मेलेल्या माणसाला खांदा द्यायलाही कुणी मिळालं नसतं. सगळं गाव टेनिस क्लबात जमलेलं असायचं. ज्यांनी जन्मात रॅकेट हातात धरली नव्हती ते खाटीक, शिंपी, पोस्टमास्तरसुद्धा नळीने कडू येर्बाचा चहा ओढत जाळीला चिकटून उभे राहत. खेळाकडे मात्र कुणाचंच लक्ष नसे. सगळ्यांच्या नजरा सर्व्हिसच्या रेषेच्या दोन टोकांना, मैदानाच्या कडेला मांडलेल्या दोन छोट्या लाकडी देव्हाऱ्यांवर खिळलेल्या असत.

खेळाडू सर्व्हिस करायला उभा राहिला की बंधू सेलेस्तिनो आपल्या टेबलामागे डोळे मिटायचा. पांढरा झगा, गळ्यात चार माळा, केसांना तेल. टेबलावरची चादर सारखी करत तो हाक मारायचा, "आई रेमिहिया, जागी हो!"

चेंडू रेषेबाहेर पडला की टेबलावरची पितळी घंटा घणघणायची. कुणी हात लावत नसे, कुणी दोरी ओढत नसे. बायका छातीवर क्रूस करत. "आता नीज, माझे आई," असं म्हणून बंधू पुन्हा एकदा चादर सारखी करायचा आणि खेळ पुढे चालायचा.

"ही रेमिहिया कोण, ठाऊक आहे ना?" बंधू गर्दीला विचारायचा. "आंधळी धोबीण! डोळे नव्हते, पण कपड्यावरचा डाग तिला दिसायचा. मग तुमच्या चेंडूवरचा दिसणार नाही? तुमच्या मनावरचा दिसणार नाही?"

फेब्रुवारीत बंधू हे देव्हारे घेऊन बसमधून उतरला तेव्हा गावात रेमिहियाचं नाव कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. ईस्टर येईपर्यंत मात्र गावातल्या निम्म्या लोकांच्या आज्या तिच्याकडे धुणं टाकत होत्या, असं निघालं.

एकदा दाताच्या डॉक्टरीण ओफेलियाबाईंनी विचारलं, "बंधू, आत्ताचा चेंडू चांगला हातभर बाहेर पडला. घंटा का नाही वाजली?"

"हातभर बाहेरचा तर पाप्यालाही दिसतो, बाई!" बंधू कळवळून म्हणाला. "त्यासाठी संतांची झोप मोडायची?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. 

हे सगळं मैदानाच्या कोपऱ्यात झाडू घेऊन उभा असलेला एवारिस्तो बघत होता. गेली एकतीस वर्षं क्लबाची मैदानं तोच राखत होता. विटांची भुकटी पसरायची, पाणी मारायचं, जाळं ओढून ती सपाट करायची आणि रेषा झाडून पांढऱ्या ठेवायच्या. लहानपणच्या पोलिओमुळे त्याचा डावा पाय मागे फरपटत यायचा, त्यामुळे तो मैदानावरून गेला की एक पाऊल आणि एक ओरखडा, एक पाऊल आणि एक ओरखडा असा माग राहायचा. तोही तो स्वतःच झाडायचा.

लाल मैदानाचा एक जुना रिवाज होता. चेंडू पडला की भुकटीत खूण उमटते. वाद झाला की दोघं खेळाडू त्या खुणेपाशी जात, वाकत, बघत, आणि प्रश्न मिटला की पायाने खूण पुसत. भांडणारे सख्खे भाऊसुद्धा खुणेपुढे गप्प होत. घंटा आल्यापासून कुणी वाकायचं नावच घेत नव्हतं. एवारिस्तो मात्र झाडण्याआधी खुणा बघायचा, आणि त्याला दिसायचं की रेषेला चाटून गेलेले, म्हणजे अगदी बरोबर पडलेले कितीतरी चेंडू घंटेने बाहेर ठरवले होते.

त्याने हे क्लबाचे अध्यक्ष बेर्तोलोत्तीसाहेबांच्या कानावर घातलं.

"एवारिस्तो," साहेब म्हणाले, "तू झाडू मार. संतांच्या चुका काढू नकोस."

आणि मग मे महिन्यात क्लबाचा चांदीचा कप नाहीसा झाला. साहेबांच्या वडिलांनी जिंकलेला, काचेच्या कपाटातला मानाचा कप. पोलिसांना बोलवावं असं कुणीतरी म्हणालं. बंधूने कपाळाला हात लावला. "घरात वैद्य असताना तुम्ही न्हाव्याकडे निघालात! आईची रेषा ओलांडा. खोटं बोलणाऱ्याच्या पावलाला ती ओळखते."

क्लबातली सगळी माणसं ओळीने उभी राहिली. प्रत्येकाने 'मी कप घेतला नाही' असं म्हणून दोन देव्हाऱ्यांमधून पलीकडे जायचं. बंधू दोन्ही रिकामे हात आकाशाकडे उंचावून दूर उभा होता, म्हणजे हातचलाखीचा संशयच नको.

सगळ्यांत आधी बेर्तोलोत्तीसाहेब आले. "पाय उंच उचला, साहेब!" बंधू ओरडला. "आईच्या रेषेला धूळ लागायला नको!" साहेब बगळ्यासारखे पाय उचलत पलीकडे गेले. घंटा गप्प. ओफेलियाबाई गेल्या, पोस्टमास्तर गेला, सगळे टांगा उंचावत गेले. घंटा गप्पच. शेवटी एवारिस्तो आला.

"ये लेकरा," बंधू गोड आवाजात म्हणाला. "पापाचं ओझं पायातच उतरतं. ये तसाच, फरपटत."

घंटा अशी घणघणली की झाडांवरचे पारवे उडाले. त्याला परत चालायला लावलं. घंटा परत वाजली. तिसऱ्यांदाही वाजली.

"रविवारपर्यंत कप आणून दे," साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "नाहीतर किल्ल्या दे आणि मैदानामागची खोली रिकामी कर."

नोकरी जाणार, छप्पर जाणार, हे एवारिस्तोला कळत होतं. पण त्याचा जीव तुटला तो घरी. बायको होर्तेन्सिया तेलात पुऱ्या तळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "खरं सांग. घेतलास का?"

"तूसुद्धा?"

"अरे, घंटा तीनदा वाजली! एकदा चुकेल. तीनदा कशी चुकेल?"

 बसल्या बसल्या त्याच्या मनात असंही आलं, की झोपेत तर उचलला नसेल ना आपण? एकतीस वर्षं ज्याने हरवलेला चेंडूसुद्धा मालकाला शोधून दिला, तो माणूस आपल्याच पलंगाखाली वाकून कप शोधू लागला. माणसाला आपल्याच डोळ्यांवर अविश्वास वाटायला लावणं, हेच या बुवाबाजीचं खरं पाप आहे, आणि त्याची सजा कुठल्याच कायद्यात पुरेशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झाडू घेऊन मैदानावर गेला आणि सवयीने खाली बघत थबकला. कालचा सगळा न्याय भुकटीत जसाच्या तसा उमटला होता. रेषेच्या अलीकडे एक पाऊल, मग चांगली दीड हाताची कोरी जागा आणि पलीकडे टाच खोल रुतलेलं दुसरं पाऊल. साहेबांचं तसं, बाईंचं तसं, पोस्टमास्तरचं तसं. सगळे रेषेवरून टांग टाकून गेले होते. देव्हाऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंतच्या त्या पट्ट्यात एकच गोष्ट होती: तीन लांब ओरखडे. त्याच्या डाव्या पायाचे.

एवारिस्तो खाली बसला. त्याला रोसारिओ शहरातल्या दवाखान्यातली लिफ्ट आठवली. दार मिटू लागायचं, याचा पाय मागे राहिलेला असायचा आणि दार पुन्हा उघडायचं. तेव्हा नर्स हसून म्हणाली होती, "काका, दाराला डोळा आहे. इकडून न दिसणारा उजेड निघतो, तिकडे पोचतो. मध्ये तुमचा पाय आला की उजेड अडतो आणि दाराला कळतं."

तो लंगडत घरी गेला आणि होर्तेन्सियाला हाताला धरून मैदानावर घेऊन आला. "झाडलेलं नाही अजून. वाक आणि बघ."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पाय उचलला तो साव, आणि ज्याला उचलताच येत नाही तो चोर?" तिचे डोळे भरून आले. "मी तुला विचारायला नको होतं रे."

"रडू नकोस," एवारिस्तो म्हणाला. "रविवारी मला तुझ्या चपला लागतील. तुझ्यासकट."

रविवारी एवारिस्तोच्या किल्ल्या काढून घेताना बघायला सगळं गाव लोटलं. बंधूने चादर सारखी केली, आईला जागं केलं आणि हात आकाशाकडे नेले. "कबूल हो, लेकरा!"

"होतो," एवारिस्तो म्हणाला. "त्याआधी माझ्या बायकोला एकदा ओलांडू द्या."

होर्तेन्सिया घरच्या सैल चपला घालून पुढे आली. "माझं नाव होर्तेन्सिया!" ती मोठ्याने म्हणाली आणि चपला फरपटत निघाली. घंटा घणघणली.

"अगं बाई! माझं नाव होर्तेन्सिया नाही?" तिने गर्दीला विचारलं. "पाद्रीबाबा, बाप्तिस्मा तुम्हीच केलात ना?" मग तिने घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि टांग उंच टाकत परत निघाली. "मी रोमचा पोप आहे!"

घंटा गप्प.

आधी पाद्रीबाबा हसले, मग सगळं गाव खदखदलं. बंधूचे हात खाली येऊ लागले. "आई... आई थट्टा सहन करत नाही! ती रुसली आहे!"

"रुसली का? बघू." एवारिस्तोने डाव्या देव्हाऱ्यातली मेणबत्ती बाजूला केली. मागे बटणाएवढी काच होती. त्याने तिच्यावर अंगठा ठेवला. घंटा वाजू लागली ती थांबेचना. "रुसली." अंगठा काढला. घंटा थांबली. "हसली." पुन्हा ठेवला. "रुसली." पोरं सुरात ओरडू लागली, "रुसली! हसली! रुसली!"

ओफेलियाबाईंनी पुढे होऊन टेबलावरची चादर ओढली. खाली बॅटरी, वायरींचा गुंता आणि एक काळं बटण. आई जागी व्हायची ती या बटणाने आणि निजायचीही याच बटणाने.

"या देव्हाऱ्यातून उजेड निघतो," एवारिस्तो सांगू लागला. मोठ्याने बोलायची त्याला सवय नव्हती. "डोळ्याला न दिसणारा. तो रेषेच्या लगेच मागून, जमिनीवर चार बोटं उंचीने, त्या देव्हाऱ्यात जातो. मध्ये काही आलं की घंटा. जरासा बाहेरचा चेंडू त्यात सापडतो. हातभर बाहेरचा वरून निघून जातो. रेषेला चाटून गेलेला अजून खालीच असतो, म्हणून बरोबर असून आउट ठरतो. आणि माझा पाय कधीच वरून जात नाही. यंत्र खोटं नाही. त्याला बिचाऱ्याला एवढंच कळतं, की मध्ये काहीतरी आलं. ते चेंडू आहे की पाय आहे, पाय चोराचा आहे की लंगड्याचा, ते त्याला कुठून कळणार? ते बंधू सांगत होता, आणि आपण ऐकत होतो."

 तेवढ्यात पोस्टमास्तर म्हणाला, "ते ठीक आहे. पण मग कप कुणी चोरला?"

"कुठला कप?" मागून आवाज आला. तो म्हातारा कल्हईवाला निएवास होता. "चांदीचा, दोन कानांचा? तो माझ्या दुकानात आहे. बेर्तोलोत्तीसाहेबांनीच आणून दिला. मेजवानीत त्यांच्या हातून पडला, एक कान तुटला होता. मंगळवारीच जोडून ठेवलाय, न्यायलाच कुणी येईना."

"अरे गाढवा, मग बोलला का नाहीस?" पोस्टमास्तर ओरडला.

"मला कुणी विचारलं?" निएवास म्हणाला. "सगळे घंटेला विचारत होते."

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब लालबुंद झाले. बापाचा कप आपल्या हातून मोडला हे गावाला कळू नये, एवढ्यासाठी ते गप्प बसले होते. एवारिस्तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही.

"साहेब, सगळ्यांत आधी तुम्हीच रेषा ओलांडलीत. खोटं बोलून ओलांडलीत आणि घंटा वाजली नाही. गावातले बाकीचे फसले होते. ती घंटा खोटी आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता. मला तीनदा चालवलंत, तेव्हाही तुम्ही गप्प राहिलात."

 किल्ल्यांचा जुडगा एवारिस्तोच्या कमरेलाच राहिला. या गडबडीत बंधू सेलेस्तिनो झगा खोचून बस पकडायला पळाला, तो टांगा चांगल्या उंच टाकत. देव्हारे आणि घंटा तिथेच राहिली.

थोड्या वेळाने खेळ सुरू झाला. दुसऱ्याच सर्व्हिसला वाद झाला आणि दोनशे माना सवयीने टेबलाकडे वळल्या. घंटा मुकी होती. खेळाडू एकमेकांकडे बघत उभे राहिले. आता न्याय कुणी करायचा?

"इकडे या," एवारिस्तोने हाक मारली. "आकाशाकडे काय बघता? चेंडू जमिनीवर पडलाय. वाका आणि बघा. आपले डोळे आपल्याला फुकट मिळालेत, ते दुसऱ्याच्या झोळीत टाकू नका."

दोघं खेळाडू आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. त्यांच्यामागे शिंपी आला, पोस्टमास्तर आला, पाद्रीबाबा आले, आणि जाळीबाहेरचं सगळं गाव आत येऊन त्या खुणेभोवती वाकून बघू लागलं. खूण रेषेला चाटून होती. चेंडू बरोबर पडला होता.

"आता व्हा बाहेर," एवारिस्तो म्हणाला. "सगळं मैदान तुडवलंत. मला पुन्हा झाडावं लागणार."

होर्तेन्सियाने दुसरा झाडू उचलला आणि ती त्याच्या मागोमाग झाडायला लागली. त्याचा ओरखडा जिथे उमटला होता, तेवढा भाग मात्र तिने त्या दिवशी झाडला नाही.