पांढऱ्या थराखालचा शिंपला

मी तळ्याच्या बुडातला शिंपला बोलतोय. मोत्याच्या आशेनं कान देत असाल तर सरळ घरी जा. माझ्याकडे आहे तो राग, आणि तो मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलाय.

हमरापूरच्या अलीकडे एक वाडी आहे. तिच्या मागचं हे तळं पुरुषभरसुद्धा खोल नाही. पण उथळ म्हणून हिणवू नका. ऊन थेट बुडापर्यंत पोचायचं, पाणवेली माजायच्या आणि खालचा गाळ लोण्यासारखा मऊ असायचा. जन्मलो तेव्हा मी कणाएवढा होतो. काही दिवस एका मरळ माशाच्या कल्ल्याला लटकून फुकटात तळं हिंडलो, मग गाळात उतरलो आणि पाय रोवला. आम्हाला पाय एकच, तोही रोवण्यापुरता.

शेजार चांगला होता. वेलींवर गोगलगायी, गाळावर चतुराची पिल्लं, गाळात लाल अळ्या. पिल्लं अळ्या खायची, म्हणून अळ्या बेतानं असायच्या. मी दिवसभर पाणी आत ओढायचो नि गाळून बाहेर सोडायचो. त्याबद्दल कुणी कधी आभार मानले नाहीत, आणि मीही ते मागायला गेलो नाही.

पलीकडच्या कातकरवाडीतली मंगळी नणंदेला, जानीला, घेऊन पाण्यात उतरायची. पायाच्या बोटांनी गाळ चाचपून आम्हाला वर काढायची.

"बारकं नको घेव गो जानी, सोड त्याला," ती म्हणायची. असा मी एकदा सुटलो. माझे कितीतरी सोयरे तिच्या कालवणात गेले, तरी तिच्यावर माझा राग नाही. तिला भूक होती.

राग आहे तो गुणाजीवर.

गुणाजीचा गणपतीचा कारखाना तळ्याच्या काठावरच आहे. त्याचा बाप शाडूच्या मूर्ती करायचा. त्यानं बादली विसळली तर माती खाली यायची आणि गाळात मिसळून जायची. गुणाजीनं प्लास्टर आणलं. हलकं, झटपट होणारं. उरलेलं पांढरं पाणी तळ्यात, तुटक्या सोंडा तळ्यात, ब्रशांचे रंग तळ्यात.

त्याची बायको शांती एकदा म्हणाली, "आवो, पाणी बघा कसं दुधावानी झालंय."

"तळ्याचं पोट मोठं हाय," गुणाजी म्हणाला. "जिरंल सगळं."

जिरलं नाही. बुडावर बसलं आणि घट्ट झालं. दर वर्षी एक नवा पापुद्रा. आधी पाणवेली गेल्या, मग त्यांच्यावरच्या गोगलगायी. चतुराची पिल्लं होती ती काठच्या गवताला जाऊन चिकटली. शिंपले पाय रोवायला गेले तर खाली फरशी! बरेचसे उघड्यावर पडून मेले. माझी पिल्लं मरळीच्या कल्ल्यांवरून सुटली ती थेट त्या पांढऱ्या थरावर पडली, आणि एकही जगलं नाही. मी थराच्या भेगेत अडकलो म्हणून उरलो. हे मी विसरेन? मेल्यावरसुद्धा नाही.

मंगळी शेवटची आली तेव्हा बराच वेळ पाय फिरवत राहिली.

"गाळ कुठं गेला गो? पायाला गिलावा लागतोय," ती जानीला म्हणाली. टोपली रिकामीच घेऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाही.

मी एकटा करणार काय? मला ना दात, ना नांगी. पण थरावर कुजका चिखल साचला होता आणि त्यात लाल अळ्या होत्या. बाकीच्यांचा जीव जिथे गुदमरतो तिथे या मजेत राहतात. बुडावर त्यांना खाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मूठभराच्या पोतंभर झाल्या. त्यांना पंख फुटले की माणसं चिलटं म्हणतात. ती चावत नाहीत बिचारी. फक्त उजेड दिसला की वेडी होतात.

गेल्या श्रावणात गुणाजीनं रोह्याकडच्या वरसे गावच्या मंडळाची मोठी मूर्ती करायला घेतली होती. डोळ्यांच्या आखणीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सकाळी टेंपो यायचा होता. दिवेलागणीला ट्यूब लावून तो डोळे आखायला बसला, आणि मी चिलटांना म्हणालो, जा. खरं तर माझ्या सांगण्यावाचूनही ती गेलीच असती, पण तेवढं श्रेय मला घेऊ द्या.

"आवो, चिलटं बसली!" शांती ओरडली. "देवाला डोळं आल्यावानी दिसतंय!"

"पुसू नको, रंग फाकंल!"

तोवर तिनं पुसलं होतं. गुणाजीनं खरवडून पुन्हा आखलं, चिलटं पुन्हा बसली. ताडपत्री बांधली तर फटींतून आली. सकाळी मंडळाचा दिनानाथ मूर्तीसमोर उभा राहिला.

"गुणाजीशेठ, देव बघतोय कुठं? असला कसा नेऊ मी मंडपात?"

टेंपो शेजारच्या कारखान्यातली मूर्ती भरून गेला. गुणाजी डोकं धरून काठावर बसला. मला इतका आनंद झाला की भेगेतून निसटतो की काय असं वाटलं.

आज तो पुन्हा काठावर आलाय. हातात पिकावर फवारायच्या औषधाचा डबा आहे.

"किडं ह्या पाण्यातच हायत," तो शांतीला सांगतोय. "मुळातून काढतो त्यास्नी."

"आवो, मासं मरतील!"

"मरूंदे. माझं नाव मेलं त्याचं काय?"

आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी विनवायची रीत आहे. मी विनवणार नाही. औषधानं मी मरेन हे मला ठाऊक आहे. कवच मिटून थोडे दिवस तग धरेन, मग संपेन. उरलीसुरली मरळ मरेल, काठची चतुराची पिल्लं मरतील. अळ्या खाणारं एकही तोंड राहणार नाही. अळ्याही मरतील, पण गटारातली, भातखाचरांतली चिलटं लगेच उडत येतील आणि इथे अंडी घालतील. त्यांना हेच बूड आवडतं, आणि ते, गुणाजी, तूच त्यांना बांधून दिलंस.

शांती त्याचा हात धरतेय. सोड शांती, तूही ब्रश इथेच धुतलेस.

झाकण निघालं. ओत, गुणाजी, सगळं ओत. पुढच्या श्रावणात डोळे आखायला तुला दिवा लावावाच लागेल.