उजवीकडचं काळीज

सॅव्हियोने खुर्ची उचलली आणि भिंतीवर अशी आपटली की तिचा एक पाय तुटून त्याच्या लेकीच्या, क्लेअरच्या कानाशेजारून सणसणत गेला.

"दुसऱ्याचा फोटो दाखवतेस मला? माझं काळीज उजवीकडं हाय?"

"काका, स्कॅन तुमचंच आहे," डॉक्टर सुचेता टेबलाआडून म्हणाल्या. "जठरात कॅन्सर आहे. आणि आतलं सगळं जन्मापासून उलट, आरशात दिसतं तसं. ऑपरेशन लांबवू नका."

"उलटी तू! मेलो तरी चालंल, पण तुझ्यासारख्या आंधळीच्या हातून पोट न्हाय फाडून घेणार!"

वॉर्डबॉय मध्ये पडला आणि नाकावर ठोसा खाऊन खालीच बसला. वॉचमनची गचांडी सॅव्हियोच्या मुठीत आली. आजाराने पार हाडं वर आली होती, पण तारोडीच्या किनाऱ्यावर माणसं लोळवायची सवय काय अशी जाते?

घरी पपासमोर क्लेअरच्या तोंडून शब्द फुटत नसे. आज तिने सरळ त्याच्या शर्टाला हात घातला. एक हिसका, आणि बटणं तडातडा उडाली. डाव्या छातीवर जुना, जाडजूड व्रण.

"एल्टनकाकाने जाळ्याच्या भांडणात सुरी खुपसली ती इथेच ना?"

"मुठीपर्यंत! थेट काळजात!"

"मग तू जगलास कसा?"

"मदर मेरीनं वाचवला."

"कसं वाचवलं? काळीज आधीच पलीकडे ठेवून!"

तिने वॉचमनच्या गळ्यावरची त्याची मूठ ओढून काढली आणि त्याच्याच उजव्या बरगडीवर दाबली. आत संतापाने दणके बसत होते, बोटीचं इंजिन सुरू झाल्यासारखे. सॅव्हियोने हात डावीकडे नेला. तिथे शांत. पुन्हा उजवीकडे. दण, दण, दण.

मूठ सैल पडली. वॉचमन खोकत भिंतीला टेकला.

"बाई," सॅव्हियोचा आवाज बसला होता, "सगळंच उलट, मग तू कापणार कशी?"

"नेहमीच्या विरुद्ध बाजूला उभी राहून. छोटी भोकं पाडायची, दुर्बीण आत घालायची, जठराचा खराब भाग काढायचा."

"आणि हात चुकला तर?"

सुचेतांनी क्लेअरकडे पाहिलं. "ही सोडेल का मला?"

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी सॅव्हियोने चादर सारून पोटावरच्या चिमुकल्या पट्ट्या पाहिल्या आणि कण्हत हसला.

"क्लेअर, एल्टनला जाऊन सांग. सुरी कशी चालवायची, ते या बाईकडून शीक म्हणावं."