मानसिंग बँडची दुसरी रेकॉर्ड

"पैल्या रेकॉर्डीची सर न्हाय हिला," धोंडीराम बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाला. "पैली लागली की पाय आपसूक हलायचे. ही ऐकून झोप येती."

"गिटार बरी हाय की," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"गिटार बरी हाय, मुंबईचा ड्रम बी बरा हाय. बिघडलंय ते आपल्या सोलापूरचंच. क्लॅरिनेट ऐक. सुरवातीला हाय, मग कुटं जातंय? जसजशी तबकडी सरती, तसतसं बारीक होतंय. म्हातारा दमलाय त्यात."

"दमलाय काय, गेला की ऐन दिवाळीत."

"मग मी तेच म्हनतोय. दम ऱ्हायला न्हवता. बँडचा मालक स्वतः सांगत हुता परवा. म्हनं, आमी जुन्या मानसाची लाज राखली, अन् रेकॉर्ड घालवून बसलो. आता नवा गडी आनलाय बार्शीचा."

हॉटेलवाल्या बिरप्पाचं लक्ष दाराकडे गेलं आणि त्यानं घाईनं तबकडीवरची सुई उचलली. दारात विजयमाला किटली घेऊन उभी होती. हॉटेलच्या वरच तिचं घर; तिथं भेटायला पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी चहा न्यायला ती खाली आली होती. धोंडीरामनं बशी तशीच हातात धरून ठेवली.

"थांबवलंत कशाला?" ती म्हणाली. "वाजू द्या. लोकांचं मत पुरतं होऊ दे."

"अक्का, बसा की," बिरप्पा म्हणाला.

"बसायला नाही आले. सहा चहा द्या."

किटली भरेपर्यंत ती पाठमोरी उभी राहिली. मग जिना चढून वर गेली. पाहुण्यांच्या पुढ्यात तिनं सहा कप मांडले.

विजयमाला वाचनालयात काम करी. पुस्तकं देणं-घेणं हा तिचा धंदा, आणि वाचणं हे तिचं व्यसन. एखादं पुस्तक परत करताना वाचक "रद्दी हो" म्हणून टेबलावर आदळतात, हे तिनं रोज पाहिलेलं. दहा वर्षं लिहिणारं माणूस दहा पानांत निकालात निघतं. तेव्हा ती मनात हसे. आता हसू येत नव्हतं.

तिचे वडील हरिबा. बँडातली सगळी माणसं त्यांना आण्णा म्हणत आणि ऐकून ऐकून तीही. मानसिंग बँडात ते पहिल्यापासून क्लॅरिनेट वाजवत. लाल कोट, सोनेरी दोऱ्या आणि डोक्यावर ती टोपी. घरी आले की कोट खिळ्याला, आणि मग कोपऱ्यात बसून बिनबोलता भाकरी खाणार. बोलणं मोजकंच. जे काही सांगायचं ते वरातीत सांगून झालेलं असे.

पहिली रेकॉर्ड चौऱ्याहत्तर साली निघाली. कंपनीची माणसं सोलापुरात आली, एका शाळेच्या पटांगणात बँड चालता ठेवला आणि मधोमध माईक उभा केला. बँड माईकभोवती फेऱ्या मारत वाजत राहिला. ती तबकडी इतकी चालली की गड्ड्याच्या जत्रेत दर चौथ्या पालातून तीच ऐकू येई. रसवंतीवर ती, केशकर्तनालयात ती. लोक आण्णांना रस्त्यात थांबवून पान देत. आण्णा पान खात नसत. ते पान घेत, खिशात ठेवत आणि घरी आणून बायकोच्या, फुलाबाईच्या हातात देत.

दुसऱ्या रेकॉर्डसाठी कंपनीनं बँडला मुंबईला बोलावलं. आण्णा परत आले तेव्हा विजयमालानं विचारलं होतं, "कसं झालं?"

"तितं हवा न्हवती," आण्णा एवढंच म्हणाले.

दसऱ्याला रेकॉर्ड बाजारात आली. पंधरा दिवसांत भवानी पेठेचं मत ठरून गेलं. खिडकीत बसलेल्या आण्णांना खालचं सगळं ऐकू येई. ते ऐकत, आणि काही म्हणत नसत. मग एका सकाळी चहा पिता पिता त्यांच्या छातीत कळ आली, आणि दुपारपर्यंत संपलं. पेठेला तिच्या मताचा जणू पुरावाच मिळाला.

पाहुणे गेल्यावर येडू आला. बँडात तो कॉर्नेट वाजवायचा. आण्णांनीच त्याला कुंभारीहून आणून तयार केलेलं. तो दाराशीच बसला, चटईवर येईना.

"ताई, आईनं ऐकायला नको म्हनून हळू बोलतो."

"आई मागं भांडी घासतेय. बोल."

"खालची मानसं काय बोलत्यात ते कानावर हाय माज्या. मालक काय बोलतो तेबी हाय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आण्णांचा दम गेला न्हवता. मी शेजारी हुतो. श्वास पुरता हुता, बोटं पुरती हुती."

"मग?"

"आण्णा चालत गेले."

तिला कळेना. येडूनं फरशीवर बोट टेकवलं.

"वरातीत कसं असतंय, मुखडा क्लॅरिनेटचा. म्हंजी क्लॅरिनेट पुढं. अंतरा आला की आण्णा दोन-तीन पावलं मागं सरायचे, मला पुढची जागा द्यायचे. मग मुखडा आला की मी सरायचो. त्यांना पुढं यावं लागायचं न्हाय, मी मागं पडलो की ते आपसूक पुढं. समदे चालतच असतोय ना. तीस वर्सं पायाला तीच सवय."

"आणि मुंबईत?"

"मुंबईत उभं ऱ्हायचं. खडूनं गोल काढलं हुतं जमिनीवर, हाललं न्हाय पायजे म्हनून. मी माज्या गोलात. आण्णांनी डोळे मिटले. ते वाजवताना मिटतातच. पयला अंतरा आला, अन् सरले मागं. मुखडा आला, मी काय मागं सरलो न्हाय, मला हालू नगं म्हनलेलं. दुसरा अंतरा, आनि मागं. तिसरा, आनि मागं. शेवटी त्यांची पाठ भिंतीला लागली, तितं भिंतींना गोधड्या टांगल्या हुत्या, आवाज घुमू नये म्हनून. माईक तर हितंच." त्यानं बोटाची जागा दाखवली. "तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बी तेच झालं."

"कुणी थांबवलं नाही?"

येडूनं फरशीवरचं बोट उचललं.

"काचेच्या खोलीत कंपनीचा साहेब हुता, मालक बी हुता. साहेबानं इचारलं, परत घेऊ का. मालक म्हनले, राहू द्या, गाडी चुकंल."

मागच्या बाजूला भांडं आपटल्याचा आवाज आला. दोघं थांबले. परत घासणं सुरू झालं.

"आण्णांना कळलं होतं?"

"रेकॉर्ड ऐकली अन् कळलं. मी म्हनलो, आण्णा, मी सांगतो समद्यांना. तर म्हनले, गप. तू पुढं हुतास, मी मागं सरलो म्हनून सांगितलं तर लोक म्हनतील, पोरानं म्हाताऱ्याची जागा खाल्ली. तुला अजून लई वर्सं वाजवायचंय." येडूनं टोपी फिरवली. "मी तरी सांगायला पायजे हुतं. पर सीझन तोंडावर आलाय, ताई. मालकानं काडलं तर मी कुटं जाऊ?"

विजयमालाला त्याच्यावर चिडता येईना. त्यामुळे सगळा राग एकाच दिशेनं गेला.

तुळशीची लग्नं लागली तसे बँडचे मालक मानसिंगराव बिरप्पाच्या हॉटेलात बसू लागले. वरातीच्या सुपाऱ्या ते तिथंच घेत. तिसऱ्या दिवशी विजयमाला वाचनालयातून परतताना थेट आत गेली. टेबलाशी टेंभुर्णीचे कुणी वरबाप बसले होते आणि मानसिंगराव त्यांना सांगत होते, "दुसऱ्या रेकॉर्डीवर जाऊ नका. त्यात एक मानूस आजारी हुता. आता तो न्हाय. आता बँड पैल्यासारखा."

"कोणता आजार होता, मालक?" विजयमालानं विचारलं.

मानसिंगराव उठलेच. "या, या, विजाताई. बिरप्पा, खुर्ची दे."

"नको. आजार कोणता होता ते सांगा. मी त्यांच्या घरात राहत होते, मला कळला नाही."

"आता वयाचं काय सांगायचं..."

"काचेच्या खोलीत साहेबानं तुम्हाला काय विचारलं?"

मानसिंगरावांची नजर येडूला शोधत दारापर्यंत जाऊन आली. येडू तिथं नव्हता. धोंडीराम मात्र होता, कान टवकारून.

"मला कुणी सांगितलं ते शोधू नका," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द वेगळा उच्चारत होती. "आण्णा माईकपासून मागे सरत गेले. तुम्हाला ते दिसत होतं. साहेब म्हणाला परत घेऊ, तुम्ही म्हणालात राहू द्या. हे खरं की खोटं?"

मानसिंगरावांनी खुर्ची ओढली. मग बसले. ते काही दुष्ट माणूस नव्हते. आण्णांच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता, आणि बँडही वाजवला होता.

"खरं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पर बाई, मी लोकांना काय सांगू? आमचा मानूस चालत भिंतीला जाऊन टेकला म्हनून सांगू? हसतील. दमला म्हनलं तर निदान हळहळतात. लोक कानानं ऐकतात, त्यांना पाय दिसत न्हाईत."

"म्हणून ज्यानं आयुष्यभर दम धरला, त्याला दम नव्हता म्हणायचं?"

"गेलेल्या मानसाला काय फरक पडतो? माज्यामागं जिती मानसं हाइत. त्यांच्या चुली हाइत. दोष कुनाच्या तरी डोक्यावर ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक फिरत न्हाय. जो आता वाजवनार न्हाय, त्याच्या डोक्यावर ठेवला. त्यात वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट नाही वाटत," ती म्हणाली. "चीड येते. गाडी चुकली असती, तर दुसरी होती."

टेंभुर्णीचे पाहुणे चहाच्या कपाकडे बघत राहिले. मानसिंगराव त्यांच्याकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात धोंडीरामनं घसा खाकरला.

"मालक, हे बरं न्हाय केलं तुमी. आमाला उगं त्या मानसाबद्दल काय बी बोलाया लावलं." मग तो विजयमालाकडे वळला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "पर ताई, राग मानू नका. कारन काय का असंना, रेकॉर्ड चांगली न्हाय ती न्हायच. पैली ती पैली."

कुणीतरी हसलं. बिरप्पानं त्याच्यावर डोळे वटारले.

विजयमालाला वाटलं, ह्या माणसाच्या हातातली बशी हिसकावून घ्यावी. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला एक तबकडी आवडली होती, दुसरी आवडली नव्हती. तिच्याजवळ सत्य होतं, सबंध, साक्षीसकट. ते तिनं भर हॉटेलात मांडलं होतं, आणि सगळ्यांनी मानलंही होतं. तरी रेकॉर्ड तशीच होती. ह्यावर दाद कुठं मागायची? ती आली तशी बाहेर पडली.

वर फुलाबाई खिडकीखाली सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"खाली भांडलीस व्हय?"

"ऐकू आलं?"

"आवाज आला. बोल न्हाय कळले."

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. गोल, अंतरे, भिंत, गाडी. सांगताना मानसिंगरावांना जे म्हणायचं राहून गेलं होतं तेही म्हणाली. फुलाबाई निवडत राहिल्या. खडे वेगळे, तांदूळ वेगळे.

"येडूनं सांगितलं तवा मी मागं हुते," त्या म्हणाल्या. "भांडं पडलं की हातातनं."

"मग तू काही बोलली का नाहीस? तुला चीड नाही येत? अख्खी पेठ म्हणते, रेकॉर्ड बिघडवली."

"मला कुनी इचारलं न्हाय, कशी वाटली म्हनून."

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. विजयमालानंही नाही.

"बँडवाल्याच्या बायकूनं वरातीमागं हिंडायचं नसतंय. आमच्यात पद्धतच न्हाय," फुलाबाई म्हणाल्या. "त्यांना म्होरं उभं ऱ्हाऊन वाजवताना मी कदी बघितलं न्हाय. दारातनं निगाले की ऐकायचं. पैलं मोठ्यानं. मग मारुतीच्या वळनावर बारीक. मग तेच्याबी पल्याड. पार जाईस्तवर ऐकत बसायची मी, मग चूल पेटवायची. तीस वर्सं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पैली रेकॉर्ड मला लई मोठी वाटायची. कुनी दुसराच वाजवतोय म्हनावं तशी. हीच त्यांची हाय."

विजयमालाचा राग गेला नव्हता. तो तिथंच होता, पण आता तो कुणाला दाखवावा हे तिला कळेना.

खाली मानसिंगराव पाहुण्यांना घेऊन उठले असावेत, खुर्च्या सरकल्या. मग बिरप्पानं कुणी न सांगता तबकडी लावली. गिटार आली, मुंबईचा ड्रम आला, त्यावर क्लॅरिनेट चढलं. अंतरा गेला, मुखडा फिरून आला, आणि सूर थोडा लांब गेला. विजयमाला काहीतरी बोलायला वळली, तर फुलाबाईंनी तांदळाचा हात वर करून तिला थांबवलं.

सूर आणखी लांब गेला. फुलाबाईंनी मान किंचित रस्त्याकडे वळवली. तबकडी संपून नुसती खरखर उरली, तरी त्या तशाच बसून होत्या. मग पदराला हात पुसत उठल्या, आणि चूल पेटवायला आत गेल्या.