मेंढरांच्या मागं बी.ए.

श्रीदेवी बी.ए. करत होती, आणि तेही मेंढरांच्या मागं चालत. हसा हवं तर! दोन हजार अकरा साली विद्यापीठानं नेटवरचा अभ्यास काढला. तास नाही, घंटा नाही. वाटेल तेव्हा धडा उघडा, जमेल तेव्हा चाचणी द्या. जणू धनगराच्या सुनेसाठीच काढला होता. दिवाळी सरली की मादन हिप्परगा या आपल्या गावाहून कळप घेऊन सगळं घर बाहेर पडायचं, ते मिरगालाच परतायचं. मुक्काम पडेल तिथल्या नेटच्या दुकानात बसून तिनं एकेक धडा हातावेगळा केला. पोरगी हुशारच, त्यात शंका नको.

तिचं डोकं फिरायचं ते सासऱ्यापायी. खतासाठी रात्री कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, ते तुळजाराम ठरवायचे. यंदा म्हाताऱ्यानं गवताची रानं सोडून डांबरी रस्त्याकडेची शेतं धरली. मेंढरं खंगली. "मामा चळलेत," ती नवऱ्याला उघड म्हणायची.

पहिल्या वर्षाची परीक्षा तेवढी उरली आणि बिदरच्या अभ्यास केंद्रातून फोन आला: तुमचं खातं बंद करतोय, काय सांगायचं ते येऊन सांगा. वर्षभराची मेहनत मातीत जाणार! ती तडक निघाली. घोंगडं खांद्यावर टाकून तुळजारामही निघाले.

केंद्रावरचे माणिकराव सर कडाडले, "तुझं खातं कधी आळंदला उघडतं, कधी हुमनाबादला, कधी मन्नाएखेळ्ळीला. तुझ्या चाचण्या कोण कोण देतंय?"

"मीच की सर! मेंढरं जिथं, तिथं मी."

"मेंढरं गवताला जातात. ही तर बाजाराची गावं. तिथं काय चरतात?"

श्रीदेवीनं सासऱ्याकडं पाहिलं. खरंच की! काय चरतात?

"न्हाई चरत, सायेब," तुळजाराम पुढं झाले. "अर्धपोटी ऱ्हायलीत बिचारी. पर कंप्यूटर तिथंच हाय. आधी दुकानाची चौकशी करायचो, मगच शेतवाल्याला शबूद द्यायचो. मन्नाएखेळ्ळीच्या श्रीमंतअण्णाला फोन लावा, त्याच्याच रानात बसलो हुतो."

सरांनी लावला. मेंढरं बसली होती, सून रोज दुपारी नेटच्या दुकानात जायची, असं अण्णांनी खणखणीत सांगितलं.

"खातं चालू राहील," सर नरमले. "परीक्षा कुठून देणार, तेवढं सांग."

श्रीदेवीच्या मनात आलं: ह्या माणसाला आपण वर्षभर चळलेला म्हणत होतो!

"सांग की," तुळजाराम म्हणाले. "तू म्हनशील त्या गावाला हाकतो."

"कमठाण्याला बसवा, मामा."

"तिथं कामून? तिथं कंप्यूटर न्हाई."

"गवत हाय. पेपरला मी चालत येईन इथं बिदरच्या केंद्रावर."